नव्या प्रमुखाला टीमचा विश्वास नेमका कशाने मिळतो?

मूळ धागा: अनुक्त

बढती मिळून किंवा बाहेरून येऊन एखाद्या टीमची सूत्रे हाती घेणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी अधिकार आयता मिळतो. रजा मंजूर करणे, कामे वाटणे, वार्षिक मूल्यमापनात शेरा लिहिणे, पगारवाढीची शिफारस करणे, हे सारे नियुक्तिपत्रासोबतच येते. मात्र अडचण आली की लोक ती आपल्याला सांगतात की आपल्यापासून लपवतात, आपण शब्द दिला तर त्यावर विसंबून पुढचे काम हाती घेतात की लेखी आदेश येईपर्यंत थांबून राहतात, यांपैकी काहीही त्या पत्राने ठरत नाही.

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली सत्तेच्या पाच आधारांची जी मांडणी केली, ती येथे उपयोगी पडते. पद, बक्षीस देण्याची ताकद आणि शिक्षा करण्याची ताकद हे तीन आधार बहुतांशी खुर्चीला चिकटलेले असतात आणि खुर्ची सुटली की तेही सुटतात. उरलेले दोन, म्हणजे जाणकारी आणि ‘या माणसाबरोबर काम करावे’ असे इतरांना मनापासून वाटणे, हे मात्र समोरच्यांनी मान्य करावे लागतात. नवा प्रमुख अडखळतो तो बहुधा येथेच. या दोहोंची उणीव तो पहिल्या तिहींनी भरून काढू पाहतो. कोणी प्रश्न विचारला की त्याला ते आव्हान वाटते आणि आवाज चढवून तो प्रश्न मिटवला की आपला वचक बसला, असे त्याला वाटू लागते.

विश्वासाविषयी मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तिघांनी १९९५ साली मांडलेला विचारही प्रसिद्ध आहे. आपण कोणावर विश्वास टाकतो तेव्हा त्याच्या तीन गोष्टी पाहतो: काम करण्याची क्षमता, आपल्याविषयीची हितबुद्धी आणि सचोटी. ओळख नवी असते तेव्हा सचोटीचा अंदाज अधिक प्रभावी ठरतो आणि हितबुद्धीचे वजन सहवासाने वाढत जाते, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते, कारण हितबुद्धीचा पुरावा रोजच्या कामात सहसा मिळतच नाही. प्रमुखाचे हित आणि टीममधल्या कोणाचे तरी हित एकमेकांच्या आड येते तेव्हाच तो मिळतो, आणि असे प्रसंग रोज येत नाहीत.

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे की, नव्या प्रमुखाची खरी परीक्षा त्याच्या पहिल्या भाषणात किंवा पहिल्या निर्णयात नसते, तर पहिली वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाला तो कसे वागवतो यात असते. त्या एका भेटीचा वृत्तांत तासाभरात सर्वांपर्यंत पोचतो आणि पुढे त्याला काय सांगायचे व काय नाही, हे टीम त्यावरूनच ठरवते. इतरांचा अनुभव आणि विचार वाचायला आवडेल. विशेषतः कालच्या सहकाऱ्यांचाच प्रमुख होण्याची वेळ येणे, आणि टीमपेक्षा प्रमुखाला कामाची माहिती कमी असणे, या दोन परिस्थितींविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद: दक्षिणवारा

लेखातल्या मुख्य मुद्द्याशी सहमत आहे, पण शीर्षकात केवळ विश्वास घेऊन आपण आदराला बाहेर ठेवलेत, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आदर आणि धाक यांची आपल्या कामाच्या ठिकाणी इतकी सरमिसळ झालेली असते की, ‘साहेब आले की सगळे गप्प होतात’ हे वाक्य अनेकदा कौतुकाने बोलले जाते.

गप्प होण्याची किंमत काय असू शकते, याचे विमानवाहतुकीतले उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे गेली. दाट धुके, गर्दीने भरलेला लहान विमानतळ, एकाच वेळी दोन संदेश आल्याने रेडिओवर झालेली खरखर, अशी कारणे अनेक होती. परंतु त्या दोहोंपैकी उड्डाणासाठी धावू लागलेल्या, केएलएम या डच विमानकंपनीच्या विमानातले संभाषण वाचले की मन खिळून राहते. कॅप्टन हे त्या कंपनीत ७४७ च्या प्रशिक्षणाचे प्रमुख होते. त्यांनी पहिल्यांदा इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा अजून परवानगी मिळालेली नाही, याची सहवैमानिकाने जाणीव करून दिली आणि ते थांबले. काही क्षणांनी विमान पुन्हा पुढे निघाले, तेव्हा मात्र त्याने त्यांना अडवले नाही. फ्लाइट इंजिनिअरने दुसरे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, अशी शंका काढली. कॅप्टननी ती ठामपणे उडवून लावली आणि त्यानंतर कोणी काही बोलले नाही.

हा अपघात आणि त्या काळातले आणखी काही अपघात यांच्या अभ्यासातून १९७९ साली नासाने एक कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी नव्या धर्तीचे प्रशिक्षण सुरू केले. त्यात कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवले जाते, हे बहुतेकांना माहीत असते. त्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे वरिष्ठांना ऐकायला शिकवणे, आणि माझ्या मते अवघड भाग तोच आहे. तेव्हा ‘माझा आदर करा’ असे जो म्हणतो, त्याने आधी हे सांगावे की त्याला शंका काढणारी माणसे हवी आहेत की मान डोलावणारी.

प्रतिसाद: निरुत्तर

उदाहरण प्रभावी आहे, पण ते धाग्याला लागू पडते का? तो कॅप्टन वर्षानुवर्षांच्या कर्तृत्वाने मोठा झालेला माणूस होता. नव्या प्रमुखाची अडचण नेमकी उलटी असते. त्याला कोणी घाबरत नाही, त्याचे कोणी ऐकत नाही, आणि टीममधले मुरलेले लोक त्याची मजा बघत असतात.

प्रतिसाद: दक्षिणवारा

निरुत्तर, लागू पडते असे मला वाटते. ज्याला आपले आसन डळमळीत वाटते, तोच शंकेला अधिक कठोरपणे दाबतो. कर्तृत्ववान कॅप्टनसमोर लोक आदराने गप्प बसले, तर घाबरलेल्या नव्या प्रमुखासमोर कंटाळून गप्प बसतात. शांतता दोन्हीकडे सारखीच असते.

प्रतिसाद: मध्यमा

कालच्या सहकाऱ्यांचा प्रमुख होण्याविषयी अनुक्त यांनी विचारले आहे. या विषयावर गोड सल्ले फार दिले जातात, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते.

‘मी तुमच्यातलाच आहे, काहीही बदललेले नाही’ हे वाक्य नवा प्रमुख अत्यंत प्रामाणिक भावनेने उच्चारतो आणि ते खोटे असते. काल जो शेजारच्या टेबलावर बसून पगारवाढीबद्दल कुरकुर करत होता, तो आज त्या पगारवाढीची यादी तयार करणार आहे, हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असते. बदल झालाच नाही असे भासवले की लोकांना दोन गोष्टींची शंका येते: एकतर याला आपल्या जबाबदारीची जाण नाही, किंवा हा आपल्याला गोड बोलून गाफील ठेवतो आहे. त्यापेक्षा काय बदलले आहे ते स्वतःहून सांगावे. उदाहरणार्थ, ‘यापुढे तुमच्या कामाविषयी मला मत द्यावे लागेल, काही गोष्टी मला आधी कळतील आणि त्या तुम्हाला सांगता येणार नाहीत, आणि तुमच्यापैकी कोणाशीही माझी जुनी जवळीक असली तरी काम वाटताना ती मध्ये येणार नाही, तशी ती येते आहे असे वाटले तर मला येऊन सांगा.’ एवढे बोलून झाल्यावर लोक नाराज होत नाहीत, उलट त्यांचा जीव भांड्यात पडतो.

दुसरी गोष्ट त्या पदाची आशा धरून बसलेल्या सहकाऱ्याची. जवळजवळ प्रत्येक बढतीमागे असा एकजण असतो आणि जवळजवळ प्रत्येक नवा प्रमुख त्याला टाळतो. त्याच्याशी पहिल्या आठवड्यातच, एकांतात, आडवळणे न घेता बोलणे आवश्यक आहे. त्याची समजूत घालायला जाऊ नये, कारण ती घातली जात नाही आणि तो प्रयत्न वरून केलेल्या दयेसारखा दिसतो. ‘हे पद तुम्हालाही मिळू शकले असते, याची मला जाणीव आहे. तुम्हाला राग आला असेल तर तो गैर नाही. मला तुमची गरज अमुक कामात आहे’ असे सांगावे आणि ते अमुक काम खरोखरीच महत्त्वाचे असावे. पुढे त्याचे मत वेगळे पडले तर प्रत्येक वेळी त्याला जुन्या दुखण्याशी जोडू नये. माणूस नाराज असूनही बरोबर असू शकतो.

थोडे अवांतर वाटेल, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा सहकाऱ्यांचा जो खासगी ग्रुप असतो, ज्यात पूर्वीच्या साहेबांची यथेच्छ टिंगल झालेली असते, त्यातून नव्या प्रमुखाने स्वतःहून आणि सांगून बाहेर पडावे. लोकांना आपल्याविषयी कुरकुर करायला जागा हवी असते. आपण तेथे बसून राहिलो तर ते दुसरा ग्रुप काढतील, आणि तो आपल्याला चुकवून काढलेला असल्यामुळे अधिक कडवट असेल.

प्रतिसाद: रेघोटी

मध्यमाताई, ग्रुपचा मुद्दा वाचून हसू आले, पण अगदी खरा आहे. एक शंका: जुन्या मैत्रीचे काय करायचे? ती तोडायची का?

प्रतिसाद: मध्यमा

तोडायची नाही. मात्र कामाविषयीची कोणतीही बातमी मित्राला इतरांच्या आधी कळता कामा नये. टीमला मैत्री खुपत नाही. मैत्रीतून काही लोकांना आधी माहिती मिळते आणि सोपी कामे मिळतात, ते खुपते. नव्या प्रमुखाने सर्वात कंटाळवाणे काम पहिल्यांदा वाटताना ते जवळच्या मित्राला दिले तर टीमला बरेच काही न बोलता कळते. अर्थात, तेच काम दर वेळी त्यालाच देऊन आपला निःपक्षपातीपणा मिरवू नये. तोही मग अन्यायच होतो.

प्रतिसाद: काठावरचा

बदल किती लवकर करावेत, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

एडविन हॉलंडर यांनी १९५८ साली एक कल्पना मांडली होती. गटात कामाची कुवत दाखवून आणि गटाच्या रीती पाळून माणूस आपली पत साठवत जातो, आणि पुढे रूढ मार्गापासून वेगळे काही करायचे झाले की ती पत खर्च करतो. नव्या प्रमुखाची पत बहुतेक वेळा अगदी तोकडी असते, फार तर ज्यांनी नेमणूक केली त्यांच्याकडून उसनी मिळालेली असते, आणि तो पहिल्याच महिन्यात ती फाइलींची नावे कशी असावीत, सकाळची मीटिंग किती वाजता व्हावी, अहवालाचा तक्ता कसा असावा, असल्या गोष्टींवर उधळून टाकतो. मग खरोखर महत्त्वाचा बदल करायची वेळ येते तेव्हा लोक म्हणतात, आता हे आणखी काय नवीन काढले?

जी पद्धत मूर्खपणाची वाटते, ती का सुरू झाली असेल हे आधी विचारावे. एखादा अर्ज तीन जणांच्या सहीने पुढे जातो, हे पाहून नव्या माणसाला हसू येते. चौकशी केल्यावर कळते की पूर्वी कधीतरी एकाच सहीने मोठी गडबड झाली होती. कारण कळल्यावरही ती पद्धत बदलता येतेच, पण मग बदलताना त्या गडबडीवर दुसरा उपाय आपल्या हातात असतो आणि जुन्या लोकांनाही आपण अडाणी ठरवले गेलो असे वाटत नाही.

मात्र ‘आधी काही महिने फक्त ऐका’ हा सल्ला सरसकट देण्याला माझा विरोध आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणाचा छळ होत असेल, हिशेबात लबाडी चालू असेल, तर पहिल्या दिवशी हस्तक्षेप करायचा असतो. अशा वेळी ‘मी अजून परिस्थिती समजून घेतो आहे’ असे म्हणणाऱ्या प्रमुखाला ज्याचा छळ होत आहे तो माणूस पुढे कधीच काही सांगणार नाही, आणि ते पाहणारे इतरही सांगणार नाहीत.

प्रतिसाद: निरुत्तर

काठावरचा यांचा शेवटचा परिच्छेद सर्वात महत्त्वाचा. पूर्ण सहमत.

पण संपूर्ण चर्चेत एक बाजू सुटते आहे. ऐका, समजून घ्या, बोलू द्या, हे सगळे ठीक. जो माणूस कामच करत नाही त्याचे काय? प्रत्येक टीममध्ये एक-दोघे असे असतात की, त्यांच्या वाटचे काम इतर लोक मुकाट्याने ओढत असतात. नवा प्रमुख येतो, सर्वांशी गोड बोलतो, त्या एक-दोघांशीही गोडच बोलतो, आणि जे ओढत असतात त्यांचा विश्वास त्याच दिवशी जातो. त्यांना प्रेमळ साहेब नको असतो. कोणीतरी हे पाहिले आहे, एवढी खात्री हवी असते.

प्रतिसाद: अनुक्त

निरुत्तर, मुद्दा योग्य आहे आणि तो हितबुद्धीच्याच पोटात येतो. कामचुकाराला सांभाळून घेणे हे त्याच्याविषयीचे औदार्य असेल, पण त्याची किंमत दुसरे कोणी चुकवत असते.

येथे प्रक्रियेचा प्रश्न येतो. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७० च्या दशकात तंटे सोडवण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा जो अभ्यास केला, त्यातून हे पुढे आले की, माणसे केवळ निकाल आपल्या बाजूने लागला की नाही एवढेच पाहत नाहीत. आपले म्हणणे मांडायला मिळाले का, निर्णयाची पद्धत निष्पक्ष होती का, यावरही त्यांचे समाधान अवलंबून असते. काम न करणाऱ्याशी बोलताना त्याचा उपयोग असा: काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले, त्याला कोणत्या अडचणी आहेत आणि कोणत्या तारखेपर्यंत काय दिसले पाहिजे, हे एकांतात व नेमक्या शब्दांत ठरवायचे आणि त्या तारखेला खरोखर विचारायचे. बहुतेक जण पहिला भाग करतात आणि तारीख विसरतात. टीममधल्या इतरांना त्या बोलण्याचा तपशील कळण्याची गरज नसते आणि तो कळूही नये. काम पुन्हा योग्य माणसाकडे गेले, हे त्यांना आपोआप दिसते.

प्रतिसाद: रेघोटी

प्रमुखाला कामाची माहिती टीमपेक्षा कमी असते, त्या परिस्थितीविषयी मला लिहायचे आहे, कारण आता ती अपवाद राहिलेली नाही. एकाच टीममध्ये पाच प्रकारचे जाणकार असतात आणि त्या पाचही विषयांत प्रत्येकापेक्षा वरचढ असलेला प्रमुख मिळणे अशक्यच आहे.

माझ्या निरीक्षणात, टीम या अज्ञानाला सहज क्षमा करते, पण दोन प्रकारचे अज्ञान वेगळे ठेवते. एखादी यंत्रणा आतून कशी चालते हे प्रमुखाला माहीत नसेल तर चालते. मात्र काम कोणासाठी चालले आहे, तारीख कोणी व का ठरवली, दोन कामे एकाच वेळी अंगावर आली तर आधी कोणते करायचे, वरच्या पातळीवर कशासाठी पैसे मिळू शकतात आणि कशासाठी नाहीत, हे त्याला माहीत असलेच पाहिजे, कारण ते त्याचे स्वतःचे काम आहे. आपल्याला ठाऊक नसलेल्या तांत्रिक विषयावर बैठकीत ठोकून देणारा आणि प्राधान्यक्रम विचारला की ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणारा प्रमुख दोन्हीकडून हरतो.

‘मला माहीत नाही’ हे वाक्य तेवढेच बोलून सोडून दिले तर त्याने विश्वास वाढत नाही. ‘मला माहीत नाही, गुरुवारपर्यंत विचारून सांगतो’ असे म्हटले आणि गुरुवारी सांगितले, उत्तर मिळाले नसेल तर मिळाले नाही हेही गुरुवारीच सांगितले, तर वाढतो. सचोटी म्हणजे काही भव्य नैतिक प्रसंग असायला हवा असे नाही. बहुतेकांच्या लेखी ती अशा गुरुवारांची बेरीज असते.

आणखी एक उपाय मी पाहिलेला आहे आणि तो हमखास लागू पडतो. नव्या प्रमुखाने प्रत्येकाशी स्वतंत्र बोलताना ‘तुमचा वेळ सर्वात जास्त कशात फुकट जातो?’ हा प्रश्न विचारावा. उत्तरे बहुधा क्षुल्लक असतात: एखादी परवानगी कुठेतरी महिनोन्महिने पडून असते, एखादा अहवाल कोणीही वाचत नसताना दर आठवड्याला तयार होत असतो, एखादे उपकरण दुरुस्तीला गेलेले परत आलेले नसते. यांतली एक-दोन कामे स्वतः पाठपुरावा करून मार्गी लावली तर तांत्रिक ज्ञान नसतानाही त्या माणसाचा उपयोग काय आहे, हे टीमला कळते.

प्रतिसाद: दक्षिणवारा

रेघोटी यांच्या प्रतिसादाला जोडून, दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या शॅकल्टनच्या मोहिमेतला एक प्रसंग आठवला. १९१५ साली ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडले जाऊ लागले आणि सर्वांना उघड्या बर्फावर मुक्काम करावा लागला. झोपण्याच्या पिशव्यांपैकी १८ उबदार कातडी होत्या, बाकीच्या लोकरीच्या व कमी उबेच्या होत्या. चिठ्ठ्या टाकून वाटप झाले आणि कातडी पिशव्या बहुतेक साध्या खलाशांकडे गेल्या. शॅकल्टन आणि त्याचे वरिष्ठ सहकारी यांच्या वाट्याला लोकरीच्या आल्या. चिठ्ठ्यांत काहीतरी लबाडी केली असावी, असे एका खलाशाने नंतर लिहून ठेवले आहे. त्या जहाजावरचे सर्व २८ जण शेवटी जिवंत परतले. थंडीत कोणती पिशवी कोणाला मिळाली हे जे लोक आयुष्यभर विसरत नाहीत, ते आपल्या टीममध्येही असतात.

प्रतिसाद: काठावरचा

शॅकल्टनचे उदाहरण निघालेच आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच मोहिमेतला सुतार हॅरी मॅकनिश याने बर्फावरून बोटी ओढत नेण्याच्या वेळी आज्ञा मानायला नकार दिला होता. जहाजच उरलेले नाही, तेव्हा जहाजावरचा करारही संपला, असा त्याचा युक्तिवाद होता. शॅकल्टनने त्या वेळी तो मोडून काढला, आणि तशा परिस्थितीत ते समजण्यासारखे आहे. पुढे १९१६ मध्ये ज्या ‘जेम्स केअर्ड’ नावाच्या छोट्या बोटीतून मदत आणायला जाणे शक्य झाले, ती बोट खुल्या समुद्रासाठी याच मॅकनिशने मजबूत केली होती आणि तो स्वतः त्या प्रवासात होता. तरीही मोहिमेनंतर ध्रुवपदकासाठी ज्या चौघांची नावे गाळली गेली, त्यांत तो होता. चिठ्ठ्यांमध्ये स्वतःविरुद्ध लबाडी करू शकणारा माणूस एका विरोधाची आठवण मात्र मनातून काढू शकला नाही. नव्या प्रमुखांनी पिशव्यांच्या गोष्टीइतकीच ही गोष्टही वाचावी, कारण मूल्यमापनाचा शेरा लिहिताना आपल्या प्रत्येकाच्या समोर एखादा मॅकनिश असतो.

प्रतिसाद: अनुक्त

काठावरचा, हे उत्तम झाले. मूळ मुद्द्याकडे परत जाताना दोन गोष्टी जोडतो.

एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधोपचारातल्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की, तेथे चुका अधिक होत नसून त्यांविषयी अधिक मोकळेपणाने बोलले जात असावे. १९९९ साली त्यांनी टीममधल्या या मोकळेपणावर जो निबंध प्रसिद्ध केला तो नंतर फार गाजला. नव्या प्रमुखाच्या दृष्टीने यातला धडा थोडा गैरसोयीचा आहे. आपण सूत्रे घेतल्यावर तक्रारी आणि अडचणींचा ओघ वाढला तर वरिष्ठांना वाटेल की, याच्या हातात आल्यापासून टीम बिघडली. तेव्हा आपल्या वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट फोर्ड कंपनीची. २००६ मध्ये अ‍ॅलन मुलाली तेथे प्रमुख म्हणून बाहेरून आले, विमाने बनवणाऱ्या बोइंगमधून, म्हणजे मोटारींच्या धंद्यात नवखेच. दर आठवड्याच्या आढाव्यात प्रत्येक विभागाने आपली स्थिती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवायची, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, आणि तरीही सुरुवातीच्या बैठकांत सगळे तक्ते हिरवेगार होते. अखेर मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या अडचणीसाठी लाल रंग दाखवला. खोलीत शांतता पसरली आणि मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या. मग या कामात कोण मदत करू शकेल, असे त्यांनी विचारले. पुढच्या बैठकांतून हळूहळू लाल-पिवळे रंग दिसू लागले. टाळ्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यानंतरचा प्रश्न मोलाचा वाटतो. ‘हे कोणामुळे झाले?’ हा प्रश्न अनावश्यक आहे असे मी म्हणत नाही, पण तो पहिला विचारला गेला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा हिरवळ दिसेल.

प्रतिसाद: निरुत्तर

मान्य. पण एक व्यावहारिक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते मधल्या फळीतल्या नव्या प्रमुखांना सर्वात जास्त तोच छळतो. वाईट बातमी खालून वर येते तसे निर्णय वरून खाली येतात. आपल्याला न पटलेला निर्णय टीमला सांगायचा असेल, किंवा कर्मचारीकपातीसारखी गोष्ट कानावर आली असून ती उघड करण्याची परवानगी नसेल, तर विश्वास कसा टिकवायचा? खरे बोलावे तर नोकरी धोक्यात येते आणि खोटे बोलावे तर टीम जाते.

प्रतिसाद: मध्यमा

निरुत्तर, या दोन परिस्थिती वेगळ्या आहेत.

न पटलेला निर्णय सांगताना ‘वरून आले आहे, माझ्या हातात काही नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. त्याने त्या दिवसापुरती टीमची सहानुभूती मिळते, पण हा माणूस आपले म्हणणे वर पोचवू शकत नाही, हेही टीमला त्याच वाक्यातून कळते. निर्णय होण्याआधी आपला विरोध वरिष्ठांपाशी, कारणांसह मांडावा. निर्णय झाल्यावर टीमला तो का झाला हे वरिष्ठांच्या बाजूने जितके प्रामाणिकपणे सांगता येईल तितके सांगावे. कोणी थेट विचारले की तुम्हाला हे पटते का, तर ‘मी वेगळे मत दिले होते, त्यावर विचार झाला, आता हे ठरले आहे आणि मी ते नीट पार पाडणार आहे’ एवढे म्हणणे पुरते. वरिष्ठांची नक्कल करून हशा मिळवू नये. उद्या आपली नक्कल कुठे होत असेल याचा अंदाज तेव्हाच प्रत्येकाला येतो.

गुप्त गोष्टीच्या बाबतीत, जे सांगता येत नाही ते सांगता येत नाही असे म्हणण्याने विश्वास जात नाही. जातो तो ‘काळजी करू नका, कोणाचीही नोकरी जाणार नाही’ या दिलाशाने, कारण असा शब्द देणे प्रमुखाच्या अधिकारातच नसते. कोणी विचारले तर ‘अशा विषयांवर मला काही माहीत असले तरी ते बोलायची मुभा नाही, आणि माहीत नसले तरी मी हेच उत्तर देईन’ असे सांगावे. मात्र हे उत्तर काहीही चालू नसतानाच्या शांत दिवसांतही तसेच द्यायला हवे. एरवी ‘छे, तसे काही नाही’ म्हणणारा माणूस ज्या दिवशी पहिल्यांदा ‘बोलता येणार नाही’ म्हणतो, त्या दिवशी त्याने सगळे सांगून टाकलेले असते.

प्रतिसाद: निरुत्तर

शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आणि कपात जाहीर झाल्यावर?

प्रतिसाद: मध्यमा

ज्यांची नोकरी जाणार आहे, त्यांना ते प्रमुखाने स्वतः, समोर बसून सांगावे, ईमेल त्यानंतर यावा. बोलणे थोडक्यात असावे आणि मुख्य गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत यावी. शेवटचा पगार कधी, थकबाकी किती, अनुभवपत्र कोण देणार, याची उत्तरे आधीच लिहून न्यावीत, कारण त्या वेळी माणसाला तेच प्रश्न पडतात आणि ‘मनुष्यबळ विभागाला विचारा’ हे उत्तर फार जिव्हारी लागते. त्यानंतर उरलेल्या टीमला त्याच दिवशी एकत्र बोलवावे आणि गेलेल्यांची कामे कोणाकडे जातील, त्यांपैकी कोणती बंद होतील, हे सांगावे. कोणतेच काम बंद होणार नसेल, तर त्या बैठकीला जाण्याआधी वरिष्ठांकडे पुन्हा एकदा जाऊन त्याविषयी भांडून यावे.